चलन भरायचं की लढायचं? पुण्यातल्या शिवाजीनगर कोर्टाजवळच्या एका वकीलबाईंचा अनुभव

वकिलाकडे गेलं की तो आपल्याला कोर्टातच नेणार, असं आपण धरून चालतो. मी ज्या वकीलबाईंकडे गेले, त्यांनी माझ्या गाड्यांवरची वाहतूक दंडाची बहुतेक चलनं बघून सरळ सांगितलं, "पैसे भरा आणि मोकळ्या व्हा." एकाच चलनावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे मात्र भरायच्या आधी विचार करा." हे दोन्ही सल्ले मला पटले, दोन्हींचा उपयोग झाला, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

त्यांचं नाव इथे देत नाही. वकिलांना स्वतःची जाहिरात करायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे आणि "माझं नाव कुठे टाकू नका" असं त्यांनी स्वतःही बजावलं आहे. पण त्या काय विचारतात, कागदात काय बघतात, पैसे कशाचे घेतात आणि कशाचे घेत नाहीत, हे वाचलंत तर दुसऱ्या कुठल्या वकिलाकडे जातानाही तुम्हाला अंदाज येईल.

माझं कर्वेनगरला पोळी-भाजी केंद्र आहे. दुपारचे डबे कोथरूड, एरंडवणे, डेक्कनपर्यंत जातात. डबे पोचवायच्या स्कूटर माझ्या नावावर आणि चालवतात आमच्याकडे कामाला असलेली मुलं. कॅमेऱ्याने फोटो काढला की चलन जातं गाडीच्या मालकाच्या नावावर, म्हणजे माझ्या. मुलगा चौकात, मेसेज माझ्या मोबाइलवर, आणि माझे हात त्या वेळी कणकेत. असे मेसेज साठत गेले. त्यात गाड्यांपैकी एक विकायची होती. घेणाऱ्याने सगळ्यात आधी नंबर टाकून चलनंच बघितली आणि म्हणाला, "काकू, हे आधी निल करा, मग बोलू."

त्याच सुमारास एका ऑनलाइन कंपनीचा फोन आला. "तुमची सगळी चलनं अर्ध्या पैशात मिटवून देतो, आधी आमची फी भरा." कुठल्या कोर्टात मिटवणार, कोण उभं राहणार, पावती कोणाची मिळणार, यातल्या एकाही प्रश्नाला त्या मुलाकडे उत्तर नव्हतं. मी फोन ठेवला. आमच्याकडे डबा घेणाऱ्या, कोर्टातल्या एका निवृत्त शिरस्तेदारांनी मग या वकीलबाईंचं नाव सांगितलं.

ऑफिस शिवाजीनगर कोर्टापासून चालत जाण्याएवढं, एका जुन्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना चढा आहे, दाराबाहेर छोटीशी पाटी. आत एक टेबल, पक्षकारांसाठी दोन खुर्च्या, आणि भिंतीला लागून दोरीने बांधलेल्या फायली. बाई दिवसभर कोर्टात असतात, त्यामुळे भेट संध्याकाळीच. पहिल्या भेटीचे ५०० रुपये घेतात आणि ते आधीच सांगतात. त्या ५०० रुपयांत मला मिळालेला वेळ पुरेपूर होता. मध्ये फोन आला तर त्या उचलत नाहीत, हे विशेष.

मी सगळ्या चलनांचे प्रिंटआउट काढून नेले होते. महाट्रॅफिक अॅपवर किंवा ई-चलनच्या सरकारी संकेतस्थळावर गाडीचा नंबर टाकला की चलन, कलम, जागा, वेळ आणि फोटो दिसतो. प्रिंटआउट हातात घ्यायच्या आधी त्यांचा पहिला प्रश्न आला, "काकू, यातलं खरं किती?"

हा प्रश्न मला फार आवडला. एकेक कागद समोर ठेवत गेले आणि त्या विचारत गेल्या. हा मुलगा तुमचाच? हेल्मेट घातलं नव्हतं, हे खरं? गाडी नो पार्किंगमध्येच लावली होती? जिथे खरं होतं तिथे चर्चा संपली. हेल्मेटचं चलन महाराष्ट्रात ५०० रुपयांचं. पण मूळ मोटार वाहन कायद्याच्या १९४-ड कलमात १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स निलंबित करण्याची तरतूद आहे. त्या म्हणाल्या, "फोटोत डोकं उघडं दिसतंय. यावर कोर्टात काय बोलणार? ५०० भरा, आणि मुलाला हेल्मेट घ्या." हेल्मेटवरून पुण्यात किती वाद झालेत ते सगळ्यांना ठाऊक आहे. २०१९ च्या जानेवारीत सक्ती सुरू झाली तेव्हा आमच्याच गल्लीत विरोधाच्या बैठका झाल्या होत्या. माझं मत आधीपासून हेल्मेटच्या बाजूचं आहे, कारण डबा उशिरा पोचला तरी चालतो, पोरगा मात्र धड घरी यायला हवा. मुलांना हेल्मेट दिलेलंच होतं. ते डिकीत राहतं, हे मात्र या फोटोंमुळे कळलं.

खऱ्या चलनांबाबत त्यांनी आणखी एक गोष्ट समजावली, ती लोकअदालतीची. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चार वेळा, बहुधा शनिवारी भरते. तिथे चलनाची रक्कम तडजोडीने कमी होऊ शकते, म्हणून अनेक जण तोपर्यंत थांबतात. थांबायला हरकत नाही, पण लोकअदालत म्हणजे तडजोड, हे लक्षात ठेवायचं. तुमचं बरोबर की कॅमेऱ्याचं, याचा निवाडा तिथे होत नाही. तडजोड झाली की तो निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. त्यामुळे जे चलन खरं आहे आणि तुम्हाला थोडी सवलत हवी आहे, ते लोकअदालतीत न्यावं. जे चुकीचंच आहे, ते अर्ध्या पैशात मिटवलं तरी न केलेल्या चुकीचे अर्धे पैसे तुम्ही भरलेच. हा फरक मला आधी कोणी सांगितला नव्हता.

एक चलन दुसऱ्याच गाडीचं निघालं. फोटोतली स्कूटर आमच्याच मॉडेलची, रंगही तोच. नंबरातला ३ आणि ८ वाचताना गोंधळ झाला होता. मला नुसत्या डोळ्यांनी ती आमचीच गाडी वाटत होती. बाईंनी मोबाइलवर फोटो मोठा केला आणि नंबरप्लेटवर बोट ठेवलं. आमच्या गाडीला नवीन हाय सिक्युरिटी प्लेट बसवलेली आहे, कारण १ एप्रिल २०१९ च्या आधी नोंदणी झालेल्या जुन्या गाड्यांनाही महाराष्ट्रात ती सक्तीची झाली. त्या प्लेटवर डावीकडे वरच्या कोपऱ्यात अशोकचक्राचा होलोग्राम असतो, त्याखाली निळ्या अक्षरांत भारताची खूण असते, आकडे उठावदार आणि एकाच ठशाचे असतात. फोटोतली प्लेट होती रंगवलेली, आकडे वळणदार, आणि होलोग्रामच्या जागी कोऱ्या पत्र्यावर एक स्क्रू. शिवाय आमच्या गाडीला मागे डब्यांचा क्रेट ठेवायला लोखंडी कॅरिअर वेल्ड केलेलं आहे, ते फोटोत कुठेच नाही. प्लेट बसवल्याची पावती चलनाच्या तारखेच्या आधीची होती.

"याला कोर्ट नको," त्या म्हणाल्या. "पावती, गाडीचे चारही बाजूंनी फोटो आणि आरसी जोडून ऑनलाइन तक्रार करा. मजकूर चार ओळींचा ठेवा." तो मजकूर त्यांनी तिथेच बसून लिहून दिला. रागाचं एक वाक्य नाही, फक्त फरक. कॅरिअर, होलोग्राम, पावतीची तारीख. काही दिवसांनी चलन रद्द झाल्याचा मेसेज आला. या कामाचे त्यांनी वेगळे पैसे घेतले नाहीत.

आता त्या एका चलनाबद्दल, ज्यासाठी मी खरं म्हणजे तिथे गेले होते.

कर्वे रस्त्यावरचा एक मोठा चौक. पावसाळ्याचे दिवस, दुपारी एकच्या आसपासची वेळ. फोटोत आमची स्कूटर झेब्रा क्रॉसिंग ओलांडून चौकात शिरलेली, सिग्नल लाल. नंबर स्वच्छ, कॅरिअर दिसतंय, क्रेटवर निळी ताडपत्री दिसतेय. गाडी आमचीच, चालवणारा आमचाच, डोक्यावर हेल्मेटही होतं. चलन सिग्नल मोडल्याचं, ५०० रुपये.

मुलाचं म्हणणं असं की मागून ॲम्ब्युलन्स आली. पावसाने गाड्या खेटून उभ्या होत्या, डावीकडे बस, उजवीकडे दुभाजक. तो सगळ्यात पुढे होता. तो पुढे सरकल्याशिवाय मागची कार हलू शकत नव्हती आणि कार हलल्याशिवाय ॲम्ब्युलन्सला वाट नव्हती. म्हणून तो क्रॉसिंगच्या पुढे जाऊन डाव्या बाजूला थांबला. ॲम्ब्युलन्स गेली. मग हिरवा दिवा लागला आणि तो निघाला. चलन आल्यावर तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, "काकू, माझ्या पगारातून कापून घ्या." जरा वेळाने पुन्हा आला आणि विचारलं, "पुढच्या वेळी ॲम्ब्युलन्स आली तर सरकू की नको?"

मराठवाड्यातून आलेलं पोर आहे, सकाळी कॉलेज करून दुपारी डबे पोचवतं. त्याला काय सांगायचं होतं मी? ५०० रुपयांसाठी "सरकू नको" म्हणू? आणि "सरक" म्हणायचं तर दर वेळी चलन भरायचं का? पैसे मी तेव्हाच भरून टाकू शकत होते. पण भरणं म्हणजे त्याने सिग्नल तोडला असं मी माझ्या नावाने लिहून देणं, आणि ते मला मान्य नव्हतं.

वकीलबाईंनी हे सगळं शांतपणे ऐकलं. आधी त्यांनी चलनावरचं कलम वाचलं. हे मी आजवर कधीच करत नव्हते, तुम्ही जरूर करा. सिग्नलच्या चुकीला मोटार वाहन कायद्याची दोन वेगळी कलमं लागू शकतात. ११९ बरोबर १७७ लागलं तर पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा झालं तर १५०० पर्यंत दंड. पण २०१९ च्या दुरुस्तीनंतर लाल सिग्नल तोडणं १८४ मध्ये, म्हणजे धोकादायक वाहन चालवण्यातही धरलं जातं. तिथे पहिल्या वेळी दंड किमान १००० आणि कमाल ५०००, शिवाय कैदेचीही तरतूद आहे. आमच्या चलनावर ११९ आणि १७७ होतं. "म्हणजे हरलात तरी फार मोठं नुकसान नाही," त्या म्हणाल्या. "१८४ असतं तर मी तुम्हाला आणखी दहा वेळा विचार करायला लावला असता."

मग दुसरी बाजू. याच कायद्यात १९४-ई कलम आहे. ॲम्ब्युलन्स किंवा अग्निशमन गाडीला वाट दिली नाही तर १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते. एका कलमाखाली वाट न दिल्याचे १०,००० आणि दुसऱ्याखाली वाट दिल्याचे ५००. त्यांनी दोन्ही कलमं एका कागदावर शेजारी शेजारी लिहिली आणि कागद माझ्याकडे सरकवला. मुलाच्या प्रश्नाचं कायद्यातलं उत्तर तिथे होतं.

यानंतर त्या जे बोलल्या त्यासाठी मी त्यांना मानते. "काकू, हिशेब ऐका. चलन ५०० चं आहे. माझी फी त्याच्या कितीतरी पट होईल. कोर्ट अकराला बसतं आणि तुमचे डबे तेव्हाच भरायचे असतात. एका तारखेत काम होईल याची मी खात्री देत नाही. जिंकलात तरी माझी फी आणि तुमचा वेळ कोणी परत देणार नाही. आणि ॲम्ब्युलन्स फोटोत दिसत नाहीये. हे सगळं धरून लढायचं असेल तर लढू." शिवाय हेही सांगितलं की अशा केसमध्ये वकील केलाच पाहिजे असं नाही. स्वतः उभं राहून स्वतःचं म्हणणं मांडता येतं. बोलणी चालू असताना एकदाही त्यांनी वकालतनामा, म्हणजे वकील नेमल्याचा कागद, सहीसाठी पुढे केला नाही.

मी विचार करायला एक रात्र घेतली. घरी ह्यांचं म्हणणं पडलं, "पाचशे रुपये टाक आणि सोड." सुनेचं म्हणणं उलट. माझ्या डोक्यात तो प्रश्न होता, सरकू की नको. दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, लढायचं.

पुरावा गोळा करताना त्यांची खरी हुशारी दिसली. त्यांनी मुलाला बोलावून घेतलं आणि एकेक गोष्ट विचारली. ॲम्ब्युलन्स कुठली होती? १०८ ची पांढरी की खासगी? त्या वेळी तू कोणाला फोन केलास? फोन केला नव्हता, पण आमच्या डब्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर व्हॉइस मेसेज टाकला होता, "काकू, चौकात ॲम्ब्युलन्स अडकलीय, एरंडवण्याचे डबे जरा उशिरा जातील." ग्रुपवर अशा मेसेजांचा ढीग असतो, माझ्या लक्षातही नव्हता. वेळ चलनावरच्या वेळेच्या दोनच मिनिटं मागेपुढे. त्या म्हणाल्या, "हा मेसेज पुसू नका, फोन बदलू नका, ग्रुप सोडू नका."

मग त्यांनी एक अर्ज तयार केला. त्या वेळचं पूर्ण चित्रीकरण जपून ठेवावं आणि कोर्टापुढे आणावं, अशी विनंती. त्याला आधार होता २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ नियमाचा. कॅमेऱ्यावरून केलेल्या कारवाईसाठी हा नियम आहे आणि तो सामान्य माणसाने वाचावा असा आहे. कॅमेरा प्रमाणित असला पाहिजे आणि ते प्रमाणपत्र दर वर्षी नवं हवं. कॅमेरा आहे अशी सूचना देणारे फलक लावलेले हवेत. घटनेनंतर १५ दिवसांत सूचना गेली पाहिजे. चूक आणि नंबरप्लेट दोन्ही फोटोत स्पष्ट दिसली पाहिजेत. आणि प्रकरण निकाली निघेपर्यंत नोंद जपून ठेवायची आहे. आमचं चलन मुदतीत आलं होतं, फलकही होता, म्हणून ते मुद्दे त्यांनी काढलेच नाहीत. "जे खरं आहे तेवढंच मांडायचं. उगाच दहा मुद्दे काढले की खरा मुद्दाही पातळ होतो." त्यांचा सगळा जोर शेवटच्या गोष्टीवर होता. एक फोटो नको, आधीची आणि नंतरची काही सेकंदं दाखवा.

कोर्टात जाताना गाडी नेऊ नका, हा माझा सल्ला. नळस्टॉपला मेट्रोत बसलं की जिल्हा न्यायालय स्टेशनवर उतरायचं, पार्किंग शोधण्यातच सकाळ जात नाही. आत शिरल्यावर आधी बोर्डावर आपला नंबर बघायचा. पहिल्या तारखेला माझ्यासारखी पुष्कळ माणसं बाकांवर होती. रिक्षावाले, कॉलेजची मुलं, एक आजोबा धोतर-टोपीत. पुकारा झाला की माणूस पुढे जायचा, न्यायाधीश विचारायचे, "गुन्हा कबूल आहे का?" बहुतेक जण "हो साहेब" म्हणून दंड भरायला खिडकीकडे जात होते. माझा पुकारा झाला. गाडी माझ्या नावावर, म्हणून उत्तर मीच द्यायचं होतं. वकीलबाईंनी आधीच शिकवून ठेवलं होतं. लांबण लावायची नाही, ॲम्ब्युलन्सची गोष्ट आत्ता सांगायची नाही, फक्त विचारलं त्याचं उत्तर. मी म्हणाले, "कबूल नाही." माझा आवाज मलाच मोठा वाटला. न्यायाधीशांनी मान वर करून बघितलं, लिहून घेतलं आणि चित्रीकरण आणायला सरकारी वकिलांना तारीख दिली.

कामकाज सगळं मराठीत चालतं, कोणी घाबरवत नाही. पण वाट बघावी लागते आणि त्याची तयारी ठेवूनच जा. पहिल्या तारखेला माझी दुपार गेली, डबे सुनेने आणि बायकांनी मिळून काढले. मधल्या एका तारखेला काहीच झालं नाही, पुढची मिळाली. त्या दिवशी मला वाटलं होतं की द्यावं सोडून. बाईंनी तेव्हा ना आग्रह केला ना टोमणा मारला. म्हणाल्या, "कबूल करायचं असेल तर आजही करता येईल, तो हक्क तुमचाच आहे. पण चित्रीकरण बघायच्या आधी करू नका." मुलगा शेजारी उभा होता, त्याने कॉलेज बुडवलं होतं. मी पुढची तारीख घेतली.

साक्षीच्या दिवशी वकीलबाई स्वतः उभ्या राहिल्या. चलनावर छापलेला फोटो एकच होता, पण नोंदीत त्याच्या पुढची चित्रंही होती. त्यातल्या एकात आमची स्कूटर डावीकडे थांबलेली दिसते, मुलाचा एक पाय जमिनीवर टेकलेला. तिच्या उजव्या अंगाने एक पांढरी गाडी पुढे आलेली, टपावरचा दिवा पावसातही ओळखू येईल असा. सिग्नल अजून लालच होता. सिग्नल तोडून पळणारा माणूस चौकात पाय टेकून थांबत नाही, एवढंच बाई बोलल्या. मग मुलाची साक्ष झाली, व्हॉइस मेसेज ऐकवला गेला. त्या मेसेजमध्ये मागे सायरन ऐकू येतो, हे माझ्याही तेव्हाच लक्षात आलं. सरकारी वकिलांनी मुलाला दोन प्रश्न विचारले, त्याने नीट उत्तरं दिली.

थंडी पडायला लागली होती तेव्हा निकाल लागला. निर्दोष मुक्तता. ऐकायला दोन मिनिटंही लागली नाहीत. बाहेर आल्यावर मुलाने वकीलबाईंना वाकून नमस्कार केला. त्या म्हणाल्या, "अरे, अभ्यासाला लाग," आणि पुढच्या कोर्टात निघून गेल्या.

आता आवडलं नाही तेही लिहिते. व्हॉट्सअॅपला त्या उत्तर देत नाहीत, फोनही संध्याकाळी सातनंतरच. तारखेच्या आदल्या दिवशी आपणच आठवण करून द्यावी लागते. बोलणं भरभर असतं, कलमांचे आकडे एकामागून एक येतात, म्हणून वही घेऊन जा. फी टप्प्याटप्प्याने घेतात. अर्जाची वेगळी, साक्षीच्या दिवसाची वेगळी. आकडा आधी सांगतात, पण पावती हाताने लिहिलेली आणि मागितल्यावर मिळते. ती न मागता मिळायला हवी, असं मला वाटतं. आणि गुडघे दुखणाऱ्यांना तो जिना जड जाईल. माझ्यानंतर माझ्या बहिणीला पाठवलं तेव्हा त्या स्वतः खाली येऊन कोर्टाच्या कँटीनमध्ये बसून बोलल्या, हेही सांगितलं पाहिजे.

पैशांचा हिशेब उघडच सांगते. ५०० रुपयांच्या चलनासाठी मी त्याहून बरेच जास्त पैसे खर्च केले आणि माझ्या सकाळीही गेल्या. ज्यांचं हातावर पोट आहे, एक दिवस बुडाला तर मजुरी बुडते, त्यांनी माझ्यासारखं करावं असं मी म्हणणार नाही. त्यांच्यासाठी या बाईंची ५०० रुपयांची पहिली भेटही जास्तच आहे. अशांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावं. शिवाजीनगर कोर्टातच त्यांचं कार्यालय आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, कमी उत्पन्नाची माणसं यांना तिथे मोफत कायदेशीर मदत मिळते. हे मला वकीलबाईंनीच सांगितलं, स्वतःचं गिऱ्हाईक कमी होईल याची पर्वा न करता.

जाताना काय न्यायचं ते लिहिते म्हणजे दुसरी फेरी पडणार नाही. चलनाचे रंगीत प्रिंट, कारण काळ्या-पांढऱ्या झेरॉक्समध्ये सिग्नलचा रंगच कळत नाही. आरसी, इन्शुरन्स, चालवणाऱ्याचं लायसन्स. गाडीचे आत्ताचे फोटो, नंबरप्लेट जवळून. त्या दिवशीचं काहीही जे वेळ दाखवतं, मेसेज असो, पेट्रोल पंपाची पावती असो की गॅरेजचं जॉबकार्ड. गाडी विकलेली असेल तर नाव ट्रान्सफर केल्याचे कागद. पुष्कळ जणांना विकलेल्या गाडीची चलनं येत राहतात, कारण कागदोपत्री नाव बदललेलंच नसतं.

आणि चलन बघायला मेसेजमधल्या लिंकवर जाऊ नका. व्हॉट्सअॅपवर चलनाच्या नावाने फाइल येते, ती उघडली की फोनमधून बँकेचे पैसे जातात. असे प्रकार आपल्याकडे सर्रास होतात. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता 'गव्ह डॉट इन'ने संपतो. तो स्वतः टाइप करायचा किंवा सरळ अॅप उघडायचं. चलनात फोटो नसेल तर एक पैसाही भरायच्या आधी विचारणा करा.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार तारे. अर्धा तारा पावतीसाठी आणि फोन न उचलण्यासाठी कापला. आमच्या मुलांना मी आता सांगून ठेवलं आहे की ॲम्ब्युलन्स आली तर बिनधास्त वाट द्या, बाजूला थांबा, आणि गाडी उभी असतानाच ग्रुपवर एक मेसेज टाका. विकायची गाडी विकली गेली. घेणाऱ्याबरोबर आरटीओत जाऊन नावही त्याच आठवड्यात ट्रान्सफर करून घेतलं.